ताईंची लाल शाल आणि माझ्या पायातला खिळा

रोज सकाळी बाई आधी चहाचे आधण ठेवतात आणि मग उत्तरेकडच्या खिडकीचा पडदा सरकवतात. आधणाला उकळी येईपर्यंत आदल्या दिवशीचे वाळलेले रंग पातळ सुरीने खरवडून काढतात, ओल्या फडक्याने माझी आडवी फळी पुसतात आणि खुंटी एखादे भोक वर किंवा खाली करतात. मग थोडे मागे जाऊन, डोळे किलकिले करून चित्राकडे पाहतात. डोळे किलकिले केले की बारीकसारीक तपशील पुसट होतात. कुठे उजेड आणि कुठे अंधार एवढेच उरते. ते पटले तर बाई चहा गाळतात. न पटले तर चहा उकळून उकळून काढा होतो.

मित्रांनो, मी एक जुनी तिवई आहे. रंगवताना चित्र ज्या तीन पायांच्या लाकडी आधारावर ठेवतात, तो आधार म्हणजे मी. चित्रकार मला ईझल म्हणतात. बाईंचे वडील सुतार होते. एका मोडलेल्या दाराच्या चौकटीतून त्यांनी मला लेकीसाठी घडवले, तेही एकही खिळा न वापरता. लाकडात खाच, खाचेत लाकूड आणि वरून लाकडाचीच खुंटी. "खिळा म्हणजे सुताराची घाई," असे ते म्हणत. हे वाक्य मनात ठेवा.

बाई पुढे शाळेत चित्रकला शिकवू लागल्या. संसार, सासूबाईंचे आजारपण आणि वह्यांचे गठ्ठे यांत त्यांचे स्वतःचे चित्र मागे पडले. त्या काळात माझ्या खांद्यांवर ओले टॉवेल वाळले, छत्र्या लटकल्या, एकदा तर कांद्यांची टोपली टांगली गेली. मी तक्रार केली नाही. घरातल्या माणसांची अडचण मला कळते. बाहेरच्यांचा उद्दामपणा मात्र मला सहन होत नाही, आणि आज मी बोलते आहे ती त्याच रागाने.

नोकरी संपल्यावर बाईंनी टॉवेल उतरवले आणि आपल्या थोरल्या बहिणीला समोर खुर्चीत बसवले. मागे पांढरी भिंत, अंगावर राखाडी पोशाख आणि त्यावर एकच एक लाल शाल. त्या लाल रंगासाठी बाईंनी बाकी सगळे चित्र मुद्दाम मवाळ ठेवले होते. ताईंना पाठदुखी. तरीही त्या रोज येऊन बसत, आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवत.

"अगं, बसून बसून माझा दगड झाला. आता चित्र काढतेस की पुतळा घडवतेस?"

"हलू नकोस ना, ताई."

"श्वास घेऊ की तोही नको? आणि त्या शालीचा रफू दाखवू नकोस हं. लोक म्हणतील, हिला धड शालही नाही."

बाई हसल्या आणि त्यांनी रफू रंगवला. ती शाल त्यांच्या आईची होती.

एके दिवशी नव्या सभागृहाचे संयोजक घरी आले. चित्रे, नृत्य आणि संगीत यांचा एकत्र प्रयोग करायचा होता आणि त्यात गावातल्या चित्रकारांना बोलावले होते. "सगळ्यांनी मिळून करायचं, बाई. इथे कुणी मोठं नाही, कुणी लहान नाही," ते म्हणाले. चित्रे आपापल्या तिवयांवर रंगमंचावर उभी राहणार आणि त्यांच्यापुढे नर्तकी नाचणार. बाई आनंदल्या. ताईंनी तर त्याच दिवशी आपली बरी चप्पल पुसून ठेवली. "मी येणार. मला मी बघायचीय," त्या म्हणाल्या.

आता ऐका, मित्रांनो, हे एकत्र काम कसे झाले ते. आम्हाला रंगमंचावर मांडले तेव्हा दिवे आले नव्हते. दिवे लावले तेव्हा चित्रकारांना बोलावले नव्हते. नाचाच्या ठेक्याने रंगमंचाच्या फळ्या हलू लागल्या, तेव्हा कुणीतरी आले आणि माझ्या पुढच्या पायातून सरळ आरपार खिळा ठोकून गेले. ना कुणाला विचारले, ना कुणाला सांगितले. ज्या लाकडात माझ्या सुताराने आयुष्यभर खिळा शिरू दिला नाही, ते एका घावात चिरले.

रंगीत तालमीला बाई प्रेक्षकांत बसल्या. त्यांच्या शेजारी पाट्या रंगवणारे काका होते; त्यांचे समुद्राचे चित्र माझ्या शेजारीच उभे होते. व्हायोलिन सुरू झाले. नाच संध्याकाळचा होता, म्हणून सगळा रंगमंच लाल उजेडात बुडाला, आणि त्या क्षणी ताईंची शाल नाहीशी झाली.

जादू नव्हती ती. लाल उजेडात पांढरी भिंत लाल दिसते आणि लाल शालही लालच दिसते. दोन्ही एकमेकांत विरघळून जातात. खांद्यांच्या जागी आता नुसती भिंत होती. वर ताईंचा चेहरा अधांतरी आणि खाली राखाडी मांडीवर दोन हात, कुणीतरी ठेवून विसरलेले.

"माझ्या होडीचं शीडही गेलं बघा," काका म्हणाले. "पांढऱ्या आभाळावर शेंदरी होतं. आता नुसतं डबकं उरलंय."

तालीम संपल्यावर बाई संयोजकांकडे गेल्या. "चित्रांवर एक साधा पांढरा दिवा द्याल का? लहानसा चालेल."

"बाई, उद्या दुपारी प्रयोग आहे. दिव्यांचं सगळं बसलंय आता. पांढरा दिवा टाकला तर संध्याकाळ मरेल."

"पण चित्र दिसत नाही."

"एवढं काय मनाला लावून घेता? लोक नाच बघायला येतात. चित्रं म्हणजे वातावरण." मग त्यांना काहीतरी सुचले आणि त्यांचा चेहरा उजळला. "असं करा ना, शाल निळी करून टाका! निळा रंग या उजेडात काळाभोर उठतो. तुम्हाला काय, तासाभराचं काम."

तासाभराचं काम! मी त्या खिळ्यावर थरथरले. ज्या लाल रंगासाठी कितीतरी सकाळी चहाचा काढा झाला, त्याला हा माणूस भिंतीचा चुना समजत होता. मिळून करायचे म्हणजे एकाने सांगायचे आणि दुसऱ्याने पुसायचे, असा त्याचा अर्थ आहे का? नर्तकीला कुणी म्हटले असते का, की चित्र झाकले जाते, तेव्हा तुम्ही बसून नाचा?

बाई पिशवी उचलून घरी गेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या रिकाम्या रंगमंचावर आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत निळ्या रंगाची ट्यूब होती. त्यांनी झाकण काढले आणि रंगपाटीवर थोडा रंग पिळला. मित्रांनो, मी भ्याले. बाई आयुष्यभर दुसऱ्यांसाठी सरकून जागा देत आल्या आहेत. माझे टॉवेल साक्षीला आहेत.

त्यांनी कुंचला उचलला. मग नेहमीसारख्या थोडे मागे गेल्या आणि डोळे किलकिले करून शालीकडे बघत राहिल्या. बराच वेळ.

नंतर त्यांनी सुरीने तो निळा रंग खरवडला, कागदात गुंडाळला आणि ट्यूबचे झाकण घट्ट लावले.

"काका, पक्कड आहे का हो?" आपल्या समुद्राच्या चित्राशी नुकत्याच आलेल्या काकांना त्यांनी विचारले.

काकांनी माझा पाय पाहिला. "हात झडो त्याचा! लाकडाला असा खिळा मारतात?" असे पुटपुटत त्यांनी तो हलकेच, लाकूड आणखी न फाटू देता काढला. तेवढ्यात संयोजक धावत आले.

"बाई, हे काय? मागे रिकामं दिसेल!"

"कालही रिकामंच दिसत होतं," बाई म्हणाल्या. "आणि माझी बहीण म्हणजे वातावरण नव्हे."

सभागृहाबाहेरच्या ओसरीत उंच खिडक्या आहेत. तिथे, उत्तरेच्या उजेडात, बाईंनी मला उभे केले. खुंटी बसवली, चित्र ठेवले, फळी पुसली. थोड्या वेळाने काकाही आपली होडी घेऊन आले आणि माझ्या शेजारी उभी करून गेले.

मित्रांनो, कुणाला आपल्या कामात सामील करून घ्याल, तर त्याच्या कामाकडे आधी नीट बघा. आणि दुसऱ्याच्या लाकडात खिळा मारण्यापूर्वी विचारा. एवढेच माझे मागणे आहे.

दुपारी लोक येऊ लागले. बरी चप्पल घालून, काठी टेकत ताई आल्या. बाईंनी त्यांच्यासाठी खुर्ची सरकवली. ताई चित्राच्या अगदी जवळ वाकल्या.

"दाखवलासच ना रफू!"

"हो."

ताईंनी पुन्हा पाहिले. आतून व्हायोलिनचा पहिला सूर आला, लोक दाराकडे वळले. ताई मात्र खुर्चीत बसल्या, पाठ ताठ केली, आणि चित्रात आहेत तसे दोन्ही हात मांडीवर ठेवले.