खाणीने दिलेला टँकर

मित्रांनो, मी एक जुना पाण्याचा टँकर आहे. वय फक्त सहा वर्षं, पण खाणीच्या रस्त्याने माझी हाडं खिळखिळी केली.

नागपूरच्या एका शेडमध्ये मी तयार झालो आणि रामाकोन्याकडच्या एका मँगनीज कंपनीने मला घेतलं. माझ्या पोटावर कंपनीचं नाव हातभर अक्षरांत रंगवलं. खाण खोल गेल्यामुळे शेजारच्या गावातल्या विहिरी आटल्या होत्या. तिथल्या शांताबाईंची संत्र्याची साठ झाडं पिवळी पडू लागली होती. म्हणून मला आणलं.

पहिल्या दिवशी मंडप टाकला, फोटो निघाले. नारळ फोडायचा मान वयाने मोठ्या म्हणून शांताबाईंना दिला आणि तिथेच साहेबलोक चुकले. बाईंनी नारळ घेतला, पण फोडला नाही. माझा ड्रायव्हर उत्तम, त्याला विचारलं, "कुठून भरून आणलं रे हे पाणी?"

उत्तमला खोटं बोलणं जमत नाही. "खदानीच्या पंपावरून, मावशी."

खाण कोरडी राहावी म्हणून कंपनी दिवसभर पाणी उपसून नाल्यात सोडत असे. माझ्यात तेच गाळून भरलं होतं.

शांताबाई कंपनीच्या अरविंदसाहेबांकडे वळल्या. "साहेब, आमच्या विहिरीचं पाणी तुमीच ओढून राहिले, अन् तेच आमाले दान देऊन राहिले. दान नोको. नाल्यात सोडता, ते आमच्या तळ्यात सोडा."

साहेबांनी वर कळवतो म्हणून सांगितलं. नारळ तसाच राहिला. खरं सांगतो, मला तेव्हा बाईंचा रागच आला.

पुढे तीन वर्षं मी रोज दोन खेपा केल्या. गावाने पाणी घेतलं, पण कंपनीच्या आभारपत्रावर एकानेही सही केली नाही. दर ग्रामसभेत शांताबाई उठत आणि तेच बोलत. कंपनीला वरच्या अहवालासाठी गावाच्या सह्या हव्याच होत्या, तेव्हा कुठे खाणीच्या पंपापासून तळ्यापर्यंत पाइप आला. पाइप आल्यावर दुसऱ्या उन्हाळ्यात विहिरींना पाझर फुटला आणि मी बाभळीखाली उभा राहिलो. कुणी विचारेना, याचं वाईट वाटलं.

आता मला नवा रंग देत आहेत. सौंसरकडे दुसरी खाण निघाली आहे, आता तिकडे जायचं.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही. तिथलं पाणी आधीच तळ्यात सोडा आणि मला लवकर बेकार करा. मी तीन वर्षं एकही खेप चुकवली नाही, तरी शांताबाईंची एकेचाळीस झाडं वाळली.