मातीला गाडी

शब्द चुकला की वस्तूही चुकीची मिळते, असा चन्नबसप्पा सरांचा सिद्धान्त होता. आणि गेल्या सात महिन्यांत मराठवाड्यातल्या भंगारवाल्यांनी तो पुन:पुन्हा सिद्ध करून दाखवला होता. मुखेडला त्यांनी 'लँडमास्टर मोटारीचे सिलिंडर हेड' मागितले, तर त्यांच्यापुढे ट्रॅक्टरचे हेड आणून आदळण्यात आले. हदगावला एकाने अँबॅसिडरचे हेड दाखवले आणि वर ऐकवले, "दोघी बहिणीच की सर. एकीचा परकर दुसरीला होतोय." सरांनी त्या गृहस्थाला तिथेच, तेलकट पिंपावर बोट आपटीत, पाऊण तास समजावून सांगितले, की आमची गाडी छपन्न सालची, तिचे व्हॉल्व्ह बाजूला, म्हणून तिचे हेड पोळपाटासारखे चपटे, तुमच्या या हेडात व्हॉल्व्ह डोक्यावर, तेव्हा या बहिणी नव्हेतच, फार तर मावशी-भाची म्हणा. गृहस्थाने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि शेवटी विचारले, "मग न्यायचं का हे?"

गाडी सरांच्या वडिलांची. अण्णाराव आता शहाऐंशीचे झाले होते. एके काळी लातुरात ती गाडी जेवढी अण्णांची, तेवढीच पेठेची होती. अडलेली बाळंतीण असो, परगावचा नवरदेव असो, दम्याने कासावीस झालेला म्हातारा असो. दाराची कडी वाजली की अण्णा अंगात सदरा घालता घालताच गाडी काढीत. पुढे हेडला तडा गेला आणि बारा वर्षे ती सरांच्या क्लासमागच्या पत्र्याखाली उभी राहिली. क्लास मात्र वाढत गेला. स्पर्धा परीक्षांचे मराठी व्याकरण शिकावे तर चन्नबसप्पा सरांकडेच, असे चाकूरपासून देगलूरपर्यंतची मुले म्हणू लागली. ती मुले त्या गाडीला सायकली टेकवीत.

गेल्या शिवरात्रीला अण्णा म्हणाले, "चन्ना, एकदा तीत बसून सिद्धेश्वरापर्यंत जाऊन यायचंय. चालत्या गाडीत. पोरांनी ढकललेल्या नव्हे."

त्यांनी आयुष्यात मुलाकडे मागितलेली ही बहुधा पहिलीच गोष्ट. शिवलिंग मिस्त्रीने छातीठोक सांगितले, "हेड आणा, आठ दिवसांत गाडी बोलती करतो." अण्णांच्या प्रकृतीविषयी डॉक्टर मात्र इतक्या ठामपणे काहीच सांगत नव्हते. म्हणून सर दर रविवारी एस.टी.ने कुठल्या ना कुठल्या गावी जात आणि भंगाराच्या ढिगाऱ्यांत हेड शोधीत.

त्या रविवारी ते नांदेडला, देगलूर नाक्यापलीकडच्या एका आवारात शिरले. मोटारींचे दरवाजे तिथे ग्रंथालयातल्या पुस्तकांसारखे ओळीने उभे होते. वर ताडपत्रीऐवजी कोणत्याशा क्लासचा जुना फलक ताणलेला. गतवर्षीचे गुणवंत त्या फलकावरून खालच्या गंजलेल्या बंपरांकडे हसून पाहत होते. साठीच्या आसपासचा, पांढरी दाढी नीट कातरलेला, चष्म्याच्या तुटक्या काडीला दोरा बांधलेला एक माणूस उठून पुढे आला.

"या सर. काय पायजे?"

"मी सर आहे हे तुम्ही कशावरून ठरवलेत?"

"खिशाला तीन पेन हायत, अन् भंगारात हातभर पाय उचलून चालून राहिलात. सर तरी असाल न्हाईतर बँकवाले."

सरांनी मागणी सांगितली : वर्ष, मॉडेल, व्हॉल्व्हची जागा, बोल्टच्या भोकांची संख्या. त्या माणसाने मध्ये एकदाही अडवले नाही. सर थांबल्यावर तो म्हणाला, "हाय."

सात महिन्यांच्या पायपिटीला एवढे आखूड उत्तर मिळेल, असे सरांना वाटले नव्हते. "चपटे?"

"हाव, चपटं. देगलूरच्या एका डॉक्टरची गाडी तोडली, तवा बाजूला ठेवलं. कुनी तरी येईल म्हनलं. बसा, चहा घ्या. लातूरचे ना तुम्ही? व्याकरणाचे चन्नबसप्पा सर?"

सर सुखावले, ते लपवण्यासाठी त्यांनी उपरण्याने चष्मा पुसला.

"पुस्तकावर फोटो हाय ना तुमचा. माझी सुमय्या तुमचंच पुस्तक वाचून तलाठी झाली. रात्रंदिवस मोठ्यानं वाचायची. मला बी अर्धं पाठ झालं, अभिधा, लक्षणा... मी महेबूब." त्याने नाव सांगून क्षणभर सरांच्या चेहऱ्याकडे पाहिले. सरांच्या चेहऱ्यावर शिक्षकाला सवयीचे असलेले सौजन्य होते, दुसरे काही नव्हते. "सर, ते मातीचं उदाहरण हाय ना लक्षणेचं? पोरीच्या मैतरिनी म्हनायच्या, सर वर्गात सांगतात तवा लई मजा येती. एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय."

शिक्षकाला आग्रह लागत नाही. सरांनी कप खाली ठेवला, घसा साफ केला आणि बसच्या एका फाटक्या आसनावर ताठ बसून ते सांगू लागले. पंधरा वर्षांच्या सरावाने त्या गोष्टीतला प्रत्येक विराम जागच्या जागी बसलेला होता.

"भूकंप झाला त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ. जिकडे पाहावे तिकडे पडलेल्या भिंतींची माती. एक मनुष्य दारात आला आणि म्हणाला, 'मातीला गाडी पाहिजे होती.' मी म्हणालो, 'अरे बाबा, माती वाहायला ट्रॅक्टर बघ. ही मोटार आहे.' तो बिचारा निघून गेला. तासाभराने आमच्या डोक्यात उजेड पडला! मातीला म्हणजे अंत्यविधीला! तेव्हा मुलांनो, नुसती अभिधा शिकलेला मनुष्य असा दगड असतो. लक्षणा शिका."

इथे वर्ग हसत असे. स्वत:ला दगड म्हणवून घेणारा शिक्षक विद्यार्थ्यांना आवडतो, हे सरांना ठाऊक होते.

महेबूब हसला नाही. त्याने बशीतला चहा संपवला, बशी पालथी घातली.

"झ्याक सांगता. पर एक वाक्य गाळलं, सर."

"कोणते?"

"तुमचंच. मी म्हनलो, मातीला गाडी पायजे होती. तर तुम्ही पयलं विचारलंत, 'कोण गेलं?' मी म्हनलो, 'भावजय. बिलकीस. दवाखान्यात वारली.' तवा तुम्ही गाडीकडं बघितलं. अन् मंग म्हनलात, ट्रॅक्टर बघ."

आवारात कुठे तरी पत्रा तापून टणकन वाजला. कोण गेलं. चारच अक्षरे, पण त्यांत सगळे होते : दाराशी उभा असलेला, पायांपासून भुवयांपर्यंत धुळीने एकरंगी झालेला माणूस; अंगणातली गाडी; आणि त्याच गणपतीत तिच्या आसनांना चढवलेले दुधी रंगाचे नवे रेक्झिन. दवाखान्याच्या व्हरांड्यात काय पडले होते ते सर आदल्या दिवशी पाहून आले होते. तिथल्या प्रेतांचा वास त्यांनी त्या रेक्झिनवर कल्पिला होता. सगळे एका क्षणात झाले होते, आणि त्या क्षणाच्या अखेरीस एक अनेकार्थी शब्द त्यांच्या मदतीला धावून आला होता. माती. माणूस अडचणीत सापडला की देवाला हाक मारतो. सरांनी व्याकरणाला मारली होती.

"महेबूबभाई, वास्तविक..." ते म्हणाले.

'वास्तविक' हा त्यांचा वादाचा शब्द. या एका शब्दाने त्यांनी साहित्यसभा उधळल्या होत्या, पाठ्यपुस्तक मंडळाला तीन पत्रे लिहिली होती. आज त्याच्यापुढे काही येईना. भूकंपाला सोळा वर्षे झाली, स्मरण दगा देते, तो दुसराच कोणी असेल. एकेक युक्तिवाद आतून वर येई आणि 'कोण गेलं'ला अडखळून परत खाली जाई. वाहून न्यायच्या मातीविषयी कोणी 'कोण गेलं' विचारत नाही.

"मग कसे... कसे नेलेत तुम्ही?"

"हातगाड्यावर. भंगाराचा गाडा होता की माझा, तोच धुतला. औशापर्यंत गेलो ढकलत. तिथं मिळालं ट्रॅक्टर. तुम्ही सांगितलंच होतं."

त्याच्या स्वरात टोमणा नव्हता. असता, तर सरांजवळ त्याला उत्तर असते.

"गावात पोचलो तवर तिच्या दोनी लेकरांना माती देऊन झालती. भावानं मधी जागा ठेवली होती आईला. तोंड बघायला मिळावं म्हनून लई थांबले लोक, पर किती थांबतील? कबरींची रांग लागली होती." महेबूबने चष्म्याचा दोरा कानामागे सारखा केला. "सुमय्यानं ते उदाहरण वाचलं, तवा घरात सगळी हसली. मी बी हसलो. काय बोलनार? पोरगी परीक्षेला बसलेली. अन् गंमत बघा, तिला पेपरात तेच आलं : 'मातीला जाणे', शब्दशक्ती ओळखा. मार्क मिळाले, सर."

सर उठून उभे राहिले. शरमेला वजन असते, हे वाक्य त्यांनी आजवर कुणाच्या लेखात वाचले असते तर शाब्दिक म्हणून त्याखाली रेघ ओढली असती. आता त्यांच्याने मान उचलवेना.

"मी निघतो."

"अन् हेड?"

"नको. ते नेण्याचा मला अधिकार नाही."

"अधिकार कसला त्यात? लोखंड हाय. कुनासाठी हिंडून राहिलात एवढं?"

"अण्णांसाठी. एकदा बसायचे म्हणतात."

"अण्णा हायत?" महेबूब उठून उभाच राहिला. "हयात हायत अण्णा? अहो, मंग हे आधी सांगायचं न्हाई का! तासभर भोकं मोजून राहिलात!" तो दरवाजांच्या रांगेमागे गेला आणि गोणपाटात गुंडाळलेले हेड दोन्ही हातांनी पोटाशी धरून घेऊन आला. "मी काय तुमच्या दारात आलो होतो का, सर? मी अण्णांच्या दारात आलो होतो. ते सोलापूरला डोळ्याच्या ऑपरेशनला गेलेले, हे मला कुठं ठाव?"

हे मात्र सरांना सर्वांत जास्त लागले. सोळा वर्षांचा राग एखाद्याने जपून ठेवला असता, तर निदान त्या रागात आपण कोणी तरी असतो. महेबूबच्या हिशेबी तो दरवाजाच अण्णांचा होता. मुलगा तिथे योगायोगाने उभा होता.

नाक्यावर एस.टी.त हेड चढवून देताना महेबूब म्हणाला, "अण्णांना माझा सलाम सांगा. हातगाड्याचा महेबूब म्हनावं, ओळखतील. अन् सर, सलाम अमानत असती आमच्यात. सांगितलेला सलाम पोचवावाच लागतो."

शिवलिंग मिस्त्रीने शब्द पाळला. त्या आठ दिवसांत सरांनी मात्र सलाम पोचवला नाही. सकाळी अण्णांची पूजा चाले, दुपारी झोप, संध्याकाळी क्लास. निमित्ते शोधायला सरांना भंगारात जावे लागत नव्हते. एका रात्री त्यांनी पुस्तकाच्या नव्या आवृत्तीच्या प्रतीतून ते उदाहरण खोडून टाकले. मग लक्षात आले, की हेही गाळणेच झाले.

नवव्या दिवशी गाडी सुरू झाली. पत्र्याखालून तिचा आवाज निघाला तेव्हा मुले वर्ग सोडून बाहेर आली. अण्णा धुतलेले धोतर नेसून, कपाळी विभूती लावून, कोणाचाही हात न धरता पुढच्या आसनावर जाऊन बसले. त्यांनी दाराच्या काचेवरून बोट फिरवले, डॅशबोर्डावर थाप मारली.

"हेड कुठं मिळालं रे?"

"नांदेडला."

"कुणाकडं?"

'एका भंगारवाल्याकडे' असे म्हटले असते तर ते खोटे ठरले नसते. गाळलेल्या वाक्याची हीच तर सोय, की उरलेले सगळे खरे असते. सरांनी गिअरवर हात ठेवला होता. देऊळ जेमतेम दीड मैलावर. अण्णांना ऐकू कमी येई. इंजिनाच्या आवाजात त्यांना काही सांगूनही उपयोग नव्हता. सरांनी इंजिन बंद केले.

"महेबूबकडे. त्याने तुम्हाला सलाम सांगितलाय."

"हातगाड्याचा महेबूब?" अण्णांचा चेहरा उजळला. "अरे, भूकंपापासून तो दिसलाच नाही! मी सोलापुराहून आलो तेव्हा तुला विचारलं होतं बघ, कुणी गाडी मागायला आलं होतं का. तू म्हणालास, कुणी नाही."

"तो आला होता, अण्णा."

मग सरांनी सांगितले. मोठ्याने सांगावे लागले, त्यामुळे पत्र्याखाली उभ्या असलेल्या मुलांनाही ते ऐकू गेले. मातीला गाडी पाहिजे होती. मी विचारले, कोण गेलं. तो म्हणाला, भावजय. मी म्हणालो, ट्रॅक्टर बघ. एकही विराम जागेवर नव्हता. कोणी हसले नाही.

अण्णांनी दार उघडले आणि गाडीचा आधार घेत सावकाश खाली उतरले. सरांनी घाईने पलीकडून येऊन हात पुढे केला. अण्णांनी तो धरला नाही.

"देवळात..." सर म्हणाले.

"राहू दे." अण्णांनी तळहात पसरला. "किल्ली दे. इथून पुढं कुणी गाडी मागायला आलं, तर त्याला माझ्याकडं पाठव."

चोपन्न वर्षांच्या, उभ्या जन्मात कुणाशी वादात न हरलेल्या त्या माणसाने, आपल्या विद्यार्थ्यांदेखत, किल्ली वडिलांच्या हातावर ठेवली.