ठोसा डाव्या पायात

माझ्या तळाशी चार स्क्रू आहेत. तीन सारखे, चौथा जरा लांब. त्यामुळे त्या कोपऱ्यात मी टेबलापासून केसभर वर राहतो आणि धक्का लागला की डुगडुगतो. मित्रांनो, मी एक जुना गेम कन्सोल आहे. कारखान्यातून निघालो तसा मी राहिलेलो नाही, आणि हे मी खाली मान घालून सांगत नाही.

या घरात मला आणलं ते धाकटीसाठी. तिच्या उजव्या हाताची बोटं जन्मापासून वळत नाहीत. डाव्या हातानं ती महानायकाला पळवायची, पण ठोसा आणि ढाल ही बटणं पडली उजव्या हाताची. नायक बिचारा छाती काढून धावत जायचा आणि मार खाऊन यायचा. शेवटी तिची मावशी मला आपल्या दुकानात घेऊन गेली. मावशी मिक्सर, पंखे, शिलाई मशीन दुरुस्त करते. तिनं शिलाई मशीनची दोन पेडलं माझ्या सर्किटला जोडली. सोल्डरिंग करताना मी पालथा होतो, हे मात्र ती विसरली आणि वायरींची अदलाबदल झाली. चूक माझ्या पोटातच, त्यामुळे कुठलाही रिमोट लावा, ढाल मागितली की ठोसा बसतो आणि ठोसा मागितला की ढाल येते.

"आण इकडे, सुलट करून देते," मावशी म्हणाली.

"राहू दे गं. माझ्या पायांना सवय झालीय."

मग काय विचारता! डावा पाय दाबला की नायक अख्खी बस उचलून राक्षसांवर आदळायचा, त्यांची हाडं खिळखिळी करायचा. आई नाक मुरडायची. "किती ती मारामारी! जरा शांत काही नाही का खेळायला?"

"शांतच बसलेय की. फक्त पाय हलतायत."

खेळ दांडगा आहे, खोटं कशाला बोलू? पण मला खुपायचं ते वेगळंच. दारावर थाप पडली की धाकटी पेडलं सोफ्याखाली सारायची. मैत्रिणींनी विचारलं तर म्हणायची, "मला नाही आवडत असले खेळ." त्या गेल्या की मला पुसताना पुटपुटायची, "सांगेन कधीतरी." ते कधीतरी काही उजाडत नव्हतं.

परवा तिचा चुलतभाऊ आला. दोन मैत्रिणीही बसल्या होत्या. त्यानं स्वतःचा रिमोट लावला आणि पहिल्याच राक्षसासमोर ढाल धरायला जाऊन ठोसा मारला. मेला. पुन्हा मेला.

"काकू, बिघडलाय हा डबा. भंगारात द्या."

"नाचता येईना, अंगण वाकडं," एक मैत्रीण फिसकन हसली.

मित्रांनो, अंगण खरंच वाकडं होतं. पण ते एका मुलीच्या पायांच्या मापाचं होतं. मला जपा, माझी धूळ झटका, अशी विनवणी मी करणार नाही. एखादी वस्तू सरळ करायला निघालात, तर ती कुणासाठी वाकडी झाली एवढं आधी विचारा.

आई ओशाळली. "मावशीला सांगून होता तसा करून घेऊ," म्हणत माझी वायर काढायला वाकली.

धाकटी उठून उभी राहिली.

"हात लावू नकोस, आई. तो बिघडलेला नाही, माझ्यासाठी तसा केलाय. मी पायांनी खेळते. सरक रे दादा, आता माझी पाळी."