जिना चढणारी ठकी

लाखांत एकाला होतो म्हणे तो आजार. लॉटरी लाखांत एकाला लागते ती नेमकी शेजाऱ्याला लागते, आणि हे असलं काही मात्र बरोबर आपलं दार हुडकत येतं. ठकीचे स्नायू हळूहळू विरत चालले होते. आजाराला आवर घालणारं इंजेक्शन होतं एकच, आणि तिची आई लोकांचे कपडे शिवून पोट भरणारी. तिनं जन्मभर मशीन दामटलं असतं तरी त्यातला एक डोस हाती आला नसता.

अशात कॅम्पेनवाली घरी आली. औषध कंपनीनं मोबाईलवरच्या प्रचाराचं काम तिच्या ऑफिसला दिलं होतं. बाई गोड, बोलणं त्याहून गोड. "पेशंटनं गप्प बसून सोसायचे दिवस गेले, ताई. आता पेशंटनं बोलायचं, निर्णय पेशंटनं घ्यायचा. ठकी या मोहिमेचा चेहरा होईल." आणि मोहीम चालू आहे तोवर इंजेक्शन फुकट. अडला हरी गाढवाचे पाय धरी. आईनं तर दोन्ही हातांनी धरले.

या धंद्याची एक रीत असते. दर आठवड्याला कॅमेरा घेऊन कोण येतंय? सगळं शूटिंग एका दिवसात उरकायचं, आणि मग थोडं थोडं वर्षभर सोडत राहायचं. म्हणून ठकीला ढीगभर फ्रॉक लागणार होते. आईनं ते हौसेनं शिवले. फ्रॉक बदल, वेणी बदल, जिना चढ. आधी कठड्याला धरून, मग एका हाताने, मग हसत हसत. बघणाऱ्याला वाटावं, पोरगी महिन्यामहिन्यानं सुधारतेय.

डॉक्टरांनी बजावलं होतं, हिला दमवू नका, या आजारात दमलेला स्नायू पुन्हा भरून येत नाही. आईला ते आठवत नव्हतं असं कोण म्हणेल? चांगलं आठवत होतं. दुपारी ठकी म्हणाली, "आई, पाय थरथरतायत गं."

"एवढा एकच फ्रॉक, राणी."

त्या एकाचे किती एक झाले ते विचारू नका. संध्याकाळी तिला उचलून घरी आणावं लागलं, आणि त्यानंतर ती जिना कधीच चढली नाही.

आणि तिथून पुढे व्हिडिओ सुरू झाले! घरात ठकी पलंगावर, आणि मोबाईलवर दर आठवड्याला नव्या फ्रॉकमध्ये जिना चढतेय. लोक हात जोडत होते, डोळे पुसत होते. आईनं न राहवून कॅम्पेनवालीला फोन लावला. "बंद करा हो हे. पोरगी झोपून आहे."

"करू की बंद," ती मायेनं म्हणाली. "मोहीम थांबेल, मग इंजेक्शनही थांबेल. आमची काही जबरदस्ती नाही हं. निर्णय तुमचाच."

डॉक्टरांनी तर सरळच सांगितलं होतं: पाय गेले, आता हातही चाललेत, आणि इंजेक्शन थांबलं तर पुढची पाळी श्वासाची. आईचा हात दगडाखाली होता. ती गप्प बसली. तिला स्वतःची किळस आली, पण किळस आली म्हणून कुणाच्या पोरीचा श्वास चालत नाही.

मोहिमेनं अशा घरांचा एक ग्रुप काढला होता, आणि त्यात आई सगळ्यांची मार्गदर्शक. एका दुपारी बेकरीवालीचा मेसेज आला. ही बेकरीत कामाला, राहायला बेकरीच्या वरच, आणि तिच्या मुलाला हाच आजार. आईचे हात कापडात गुंतलेले, म्हणून मोबाईल ठकीपाशी होता. व्हॉइस मेसेज तिनंच लावला.

"ताई, तुमच्या ठकीचं बघून मीपण याला रोज जिना चढायला लावते. रडतो हो, पाय थरथरतात म्हणतो. काल बसकण मारली. मी म्हटलं, ती मुलगी असून चढते, तुला काय झालं? दिली एक ठेवून. मग चढला बिचारा. बरोबर करतेय ना मी?"

मशीन थांबलं. ठकी आईकडे बघत होती.

"आई, त्याला थांबायला सांग."

आईनं हातातलं कापड बाजूला ठेवलं. खरं सांगावं, तर ग्रुपवर कॅम्पेनवालीचा डोळा असतो. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं माणसं हसून म्हणतात. ती उठली, मोबाईल घेतला आणि लिहिलं: "अगदी बरोबर. जिद्द सोडू नका." कॅम्पेनवालीनं लगेच खाली लाल बदाम टाकला. मोबाईल पलंगावर ठेवून आई पुन्हा मशीनकडे वळली.

मागे बारीक खुडबुड ऐकू आली. ठकीनं मोबाईल पोटावर ओढून घेतला होता आणि एका बोटानं एकेक अक्षर शोधत ती लिहीत होती. आईनं वाकून वाचलं. "चढू नको. मी पण आता"

"दे इकडे," आई म्हणाली.

ठकीनं मोबाईल दोन्ही हातांनी घट्ट धरला. पण त्या हातांत आता जोर असा उरलाच नव्हता, तो काढून घ्यायला आईला काहीच कष्ट पडले नाहीत.