चंद्रभानजींच्या स्टुडिओतील लिनक्सची सीडी

मित्रांनो, मी एक जुनी सीडी आहे. गाण्यांची नाही आणि सिनेमाचीही नाही. माझ्या पोटात लिनक्स नावाची, संगणक चालवणारी एक अख्खी प्रणाली आहे. विंडोजचा संगणक आजारी पडला, की तो बंद करायचा, मला त्याच्या खाचेत ठेवायचे आणि पुन्हा सुरू करायचा. मग विंडोज झोपलेलेच राहते आणि संगणक माझ्या बळावर जागा होतो. विंडोजमध्ये दडून बसलेले व्हायरस मला उघडे दिसतात. त्यांचा माझ्यावर जोर चालत नाही, कारण माझ्यावर एकदा लिहिलेले कोणाला पुसता येत नाही.

हे सगळे मी पूर्वी मोठ्या अभिमानाने सांगत असे. आता सांगताना मान खाली जाते. का, ते ऐका.

माझा जन्म अमरावतीला राजापेठेत झाला. तिथे ज्योत्स्नाताई गवई यांचे संगणक दुरुस्तीचे दुकान होते. कोऱ्या सीडींच्या चळतीतून त्यांनी मला उचलले आणि यंत्रात घातले. लेझरच्या किरणाने माझे अंग गोल गोल भाजून निघाले. बाहेर आले तेव्हा मी चांगलीच गरम होते. ज्योत्स्नाताईंनी मला फुंकर घातली आणि काळ्या मार्करने माझ्यावर ठळक अक्षरांत लिहिले, ‘लिनक्स’.

शिकवणीवाले, झेरॉक्सवाले, डॉक्टर, सगळे आपापले संगणक घेऊन त्यांच्याकडे येत. बाकीचे दुकानदार आधी सगळे पुसून टाकायला सांगत. ज्योत्स्नाताई म्हणत, “थांबा, आधी आत काय शिल्लक आहे ते पाहू.” मग मला हाक असे.

एके दिवशी सकाळीच अकोल्याहून फोन आला. जठारपेठेत ज्योत्स्नाताईंच्या माहेरच्या शेजारी चंद्रभानजींचा फोटो स्टुडिओ होता. ज्योत्स्नाताईंचा शाळेच्या ओळखपत्राचा फोटो त्यांनीच काढला होता. ते फोनवर रडकुंडीला आले होते.

“पोरी, सारं गेलं वं! लोकायच्या लग्नाचे फोटो, साऱ्यायचे फोटो. काहीच उघडून नाही राहिलं.”

ज्योत्स्नाताई मला पर्समध्ये घालून पुढच्याच एसटीने अकोल्याला निघाल्या.

स्टुडिओत दिवसभर गिऱ्हाइके येत आणि आपापले पेन ड्राइव्ह लावत. त्यातल्याच कोणाच्या तरी पेन ड्राइव्हमधून व्हायरस शिरला होता. त्याने सगळे फोल्डर लपवून त्यांच्या जागी नुसती पोकळ चित्रे ठेवली होती. ज्योत्स्नाताईंनी मला आत घातले. मी घरघरत फिरू लागले. थोड्याच वेळात पडद्यावर एकेक फोल्डर दिसू लागला.

“काका, पाहा. कुठंच गेले नव्हते. व्हायरसनं लपवले होते फक्त.”

चंद्रभानजींनी गळ्यातल्या दुपट्ट्याने डोळे पुसले. त्यांची पत्नी गंगूबाई आतून चहा घेऊन आली होती. ती कपबशी हातात धरून तशीच पडद्याकडे पाहत उभी राहिली. त्यांची मुलगी शालू स्टुडिओत फोटो सुधारण्याचे काम करत असे. ज्योत्स्नाताईंनी मला कसे वापरायचे ते तिला शिकवले आणि मला तिथेच ठेवले. निघताना त्या म्हणाल्या, “काका, ही व्हायरस काढते. पण उद्या फोटो जिच्यात साठतात ती हार्ड डिस्कच बसली, तर हिच्या हातात काही नाही. एक बाहेरची हार्ड डिस्क आणा अन् सगळ्या फोटोंची नक्कल तिच्यात ठेवा.”

“आणतो ना. उद्याच आणतो,” चंद्रभानजी म्हणाले.

ते खोटे बोलत नव्हते. त्यांना खरेच आणायची होती. पण दुसऱ्या दिवशी एका लग्नाची तारीख होती, आणि तिसऱ्या दिवशी आणखी एका.

मित्रांनो, त्या स्टुडिओत माझे फार लाड झाले. मला मखमली अस्तराच्या पेटीत ठेवले जाई. दसऱ्याला कॅमेऱ्यांच्या शेजारी मलाही झेंडू आणि आपट्याची पाने मिळत. व्हायरस पुन्हा पुन्हा येत आणि शालू मला लावून त्यांना हुसकून देई. चंद्रभानजी गिऱ्हाइकांना सांगत, “आपल्यापाशी लिनक्सची सीडी हाये. आपल्या कॉम्प्युटरले काय होते?” ते ऐकून मी फुलून जात असे.

शालू मधूनमधून विचारी, “बाबा, ते दुसरी हार्ड डिस्क?”

“लगनसराई सरू दे बाई. हे सीडी हाये ना तोपर्यंत.”

मग शालूचेच लग्न ठरले. वलगावचे स्थळ होते. सगळे म्हणाले, त्या दिवशी तरी दुसरा फोटोग्राफर बोलवा. चंद्रभानजींनी ऐकले नाही. “माह्या पोरीचे फोटो दुसरा काहून काढीन?” असे म्हणून हळदीपासून पाठवणीपर्यंत त्यांनी कॅमेरा खाली ठेवला नाही. ते सगळे फोटो आमच्या संगणकात आले. मी त्या काळात दोनदा आत गेले, तेव्हा मीही ते पाहिले. मुंडावळ्या बांधलेली शालू फार सुंदर दिसत होती.

गंगूबाई अल्बमची वाट पाहू लागली. शेजारणींना दाखवायचा होता.

“लोकायचे अल्बम पयले,” चंद्रभानजी म्हणाले. “त्याईनं भरवशानं काम देलं. आपलं काय, घरचंच हाये.”

शालू सासरी गेल्यावर ते मला स्वतःच लावू लागले. एका दुपारी मी आत फिरत असताना शेजारच्या हार्ड डिस्कमधून टिक टिक असा आवाज ऐकला. माझ्यात तिची तब्येत तपासण्याची सोय आहे. मी पडद्यावर इशारा दाखवला, की ही डिस्क झिजली आहे, आजच नक्कल काढा. पण तो इशारा इंग्रजीत होता आणि समोर पासपोर्ट फोटोसाठी गिऱ्हाइके खोळंबली होती. चंद्रभानजींनी कोपऱ्यातली फुली दाबून तो बंद केला. मला त्या वेळी वाचा असती, तर मी ओरडले असते.

काही दिवसांनी संगणक सुरू होईना. चंद्रभानजी जराही घाबरले नाहीत. त्यांनी शांतपणे पेटी उघडली आणि मला आत घातले. मी जागी झाले. माझा पडदा नेहमीसारखा उजळला. पण जिथे हार्ड डिस्क दिसायची, तिथे काहीच नव्हते. आतून नुसती टिक टिक ऐकू येत होती.

त्यांनी मला बाहेर काढले, सदऱ्याला पुसले आणि पुन्हा घातले. परत काढले, परत घातले.

“अशी काहून करून राहिली वं? मांगच्या वेळी तर सारं आणून देलं होतं तुनं!”

ज्योत्स्नाताई धावत आल्या. त्यांनी हार्ड डिस्क काढून नागपूरच्या एका जाणकाराकडे पाठवली. उत्तर आले, की आतली तबकडीच खरवडली गेली आहे, फोटो निघणार नाहीत.

गिऱ्हाइकांपैकी पहिली साधना आली. तिच्या लग्नाचे फोटो चंद्रभानजींनीच काढले होते. तिच्या लग्नाला तिचे आजोबा नत्थुजी दवाखान्यातून सुट्टी घेऊन आले होते आणि नंतर लवकरच वारले होते. “काका, आबांचा एक तरी फोटो लवकर द्या ना. घरी लावायचाय.” चंद्रभानजी काउंटरच्या मागून पुढे आले आणि हात जोडून उभे राहिले. ती खुर्चीवर बसली आणि रडू लागली. त्यानंतर ज्यांचे ज्यांचे फोटो गेले, त्या प्रत्येक घरी ते स्वतः जाऊन आले. कोणी समजून घेतले, कोणी दारातूनच परत पाठवले.

गंगूबाईला त्यांनी सर्वांत शेवटी सांगितले. ती चुलीपाशी बसली होती. तिने चुलीतले लाकूड मागे ओढले. मग म्हणाली, “इतकं मोठं लगन केलं पोरीचं. आता कोणाले काय दाखवू?”

पण ती बसून राहिली नाही. तिने नातेवाइकांना फोन लावले. कोणी लग्नात मोबाइलवर काही फोटो काढले होते, ते गोळा केले. काही हललेले होते, काही अंधारात काढलेले. शालू माहेरी आली तेव्हा ते छापून आणले होते. तिने एकेक फोटो हातात घेतला. बहुतेक फोटोंत डोळ्याला कॅमेरा लावलेला एक माणूस होता.

“बाबा, पाहा ना. तुमच्या फोटोंत तुमी कधीच नसता. इथं साऱ्यात तुमीच आहा.”

चंद्रभानजींनी एक फोटो पाहिला आणि पालथा ठेवला. “मीच मंधात उभा हाओ,” ते म्हणाले. “पोरगी माह्या मांगं झाकून गेली.”

मित्रांनो, आता स्टुडिओत नवा संगणक आहे. त्याला माझ्यासाठी खाच नाही. प्रत्येक लग्नाचे फोटो दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवल्याशिवाय चंद्रभानजी जेवायला बसत नाहीत. मी खणात पडून असते, त्याचे मला दुःख नाही. दुःख याचे आहे, की प्रत्येक वेळी मी सगळे वाचवले, म्हणूनच ते निर्धास्त राहिले.

तुमच्या घरीही कोणाचे तरी फोटो एकाच मोबाइलमध्ये किंवा एकाच संगणकात पडून असतील. सगळे नीट चालू आहे तोवरच त्यांची नक्कल काढा आणि ती दुसऱ्या जागी ठेवा. दुसऱ्यांची कामे आधी करा, जरूर करा. पण घरचे आहे म्हणून ते मागे ठेवू नका.