होकाराचा चहा

गावच्या दोन्ही शाळांच्या मंडळावर बसून शिंपीणकाकीला काय मिळणार, याचा हिशेब आम्ही शेजाऱ्यांनी तिच्याआधी मांडला होता. पगार नाही, मान जेमतेम, वर शिवणाचा खोळंबा. तिला मात्र एवढंच हवं होतं, की खालच्या शाळेतला गणिताचा मास्तर खालीच राहावा. वीटभट्टीलगतच्या त्या शाळेत तिची लेक शिकायची. कोवळा पाला दिसल्यावर शेळी तुटून पडते, तशी ती पोर आकड्यांवर पडायची.

मंडळाची रीत जुनी होती. हात वर करणं नाही, चिठ्ठ्या टाकणं नाही. अध्यक्षांनी विषय सांगायचे, मग चहा यायचा. प्यालात, म्हणजे पटलं. एकाचाही पेला भरलेला राहिला, की बैठक मोडली. सगळे विषय पुढच्या महिन्यावर.

भर पावसात बैठक बसली. अध्यक्ष म्हणजे भट्टीचे मालक, अण्णा.

"खालच्या शाळेला नवं छप्पर घालायचं," अण्णा म्हणाले, "आणि गणिताचा मास्तर वरच्या शाळेत घ्यायचा. खालची पोरं टिकतात कुठं? भट्टी पेटली की पळाली."

चहा आला.

"अण्णा, छपराचा चहा आत्ता पिते," काकी म्हणाली. "मास्तरचा वेगळा मांडा."

हेडबाई खुदकन हसल्या. "काकी, हे काय हॉटेल आहे?"

"किटली एक, चहा एक," अण्णा म्हणाले. "आणि तुझ्या लेकीची काळजी सोड. वर एक जागा राखून ठेवलीय."

काकीनं पेला पुढं सरकवला. बैठक मोडली.

पाऊस काही मंडळाचं ऐकत नव्हता. खालच्या शाळेत पोरं एका कोपऱ्यात कोंबडीच्या पिलांसारखी दाटून बसायची, उरलेल्या वर्गात चिखल. आठवड्याभरात सगळी खालची वस्ती काकीच्या दुकानात. पुढं भट्टीचा मुकादम.

"वहिनी, तुमच्या एका पेल्यापायी आमची पोरं भिजतायत."

"अरे, पण मास्तर गेल्यावर कोरडी बसून करतील काय?"

"कोरडी तर बसतील! माझ्या पोराच्या छातीत कफ भरलाय."

"आणि गणित?"

"विटा मोजायला मी आहे की!"

लोक हसले. मशीनचं चाक थांबलं.

"मग मी मंडळच सोडते."

"सोड ना," मागून एक म्हातारी म्हणाली. "अण्णांचा जावई तुझी खुर्ची पुसून तयारच आहे. बाई गं, धरलंस तर चावतंय, सोडलंस तर पळतंय."

पुढच्या बैठकीत काकीच्या चहावर साय धरली, तरी कुणी उठेना. शेवटी औषध घेतात तसा तिनं तो एका दमात घशात ओतला.

"साखर कमी झाली का?" अण्णांनी विचारलं.

"नाही. गोडच होता, म्हणून घशाखाली उतरत नव्हता." आणि उठता उठता म्हणाली, "लेकीची जागा मला नको. दुसऱ्यांची पोरं खाली आणि माझी वर, या तोंडानं मी कुणाची मापं घेऊ?"

घरी लेकीनं ऐकून घेतलं. "मला विचारलं असतंस तर?" एवढंच म्हणाली. काकी दोऱ्याचं टोक ओलं करत राहिली. सुई काही ओवली गेली नाही.

छप्पर झालं. पत्रे चांगले जाड, थेंब आत येत नाही. गणिताच्या तासाला पोरं आता शुद्धलेखन काढतात.

राखीव जागा रिकामी थोडीच राहते? ती मुकादमाच्या पोराला गेली. मुकादम गणवेशाचं कापड घेऊन काकीकडेच आला.

"जरा वाढतं ठेवा वहिनी. वर दोन-तीन वर्षं काढायचीत."

काकीनं माप घेतलं.

तर अण्णांना मास्तर मिळाला, वस्तीला छप्पर, मुकादमाला जागा, आणि काकीचं इमान शाबूत राहिलं, असं आम्ही सगळे म्हणतो. या सगळ्याचं मोल मोजलं ते उंबऱ्यात बसून त्या नव्या गणवेशाला बटणं लावणाऱ्या पोरीनं.