वाऱ्याच्या बोगद्याचा नकार

मी एक जुना वाऱ्याचा बोगदा आहे. आगगाडी जाते तो नव्हे. माझ्यातून फक्त वारा जातो, आणि तोही सांगितला तेवढाच.

मला बांधून घेणाऱ्या बाईंच्या जुळ्या मुली ज्या वर्षी पावले टाकू लागल्या, त्या वर्षी माझा जन्म झाला. आता त्या मुलींच्या डोक्यात पांढरे दिसू लागले आहे, यावरून माझे वय काय ते समजा.

मित्रांनो, माझी घडण सोपी आहे. पुढे एक मोठा लाकडी भोंगा. त्याच्या तोंडाशी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी बारीक खणांची जाळी. तिला सगळे पोळेच म्हणतात. आत येणारा वारा तिच्यातून गाळला जाऊन सरळ होतो. मग भोंगा निमुळता होत जातो आणि मधोमध काचेची एक छोटी खोली येते. मागच्या टोकाला माणसापेक्षा उंच पंखा. पंखा वारा ओढतो आणि मागे दालनात सोडतो. काचेच्या खोलीत तुम्ही काहीही ठेवा, मी त्याच्यावर वारा घालतो. मोटारीचा नमुना जागेवर उभा असतो, पण वाऱ्याला वाटते ती भरधाव चालली आहे. एवढीच माझी युक्ती.

मला बांधले ते विद्यापीठाच्या मागच्या पत्र्याच्या दालनात. बाई तेव्हा इंजिनीअरिंगच्या तरुण प्राध्यापिका होत्या. विभागातल्या मोठ्या लोकांनी नाके मुरडली होती. घरी दोन तान्ह्या मुली, आणि हिला बोगदा हवा! बाईंनी कुणाची मनधरणी केली नाही. त्यांचे सासरे होड्या बांधत. त्यांना त्या थेट दालनात घेऊन आल्या.

सासऱ्यांनी नकाशा आडवा धरला, उभा धरला आणि विचारले, "सूनबाई, ही होडी आहे की भोंगा?"

"होडीच समजा, मामंजी. फक्त पाणी बाहेरून न जाता वारा आतून जाणार."

"म्हणजे उलटी होडी. मग सरळ सांगायचं की!"

माझ्या भोंग्याचा बाक त्यांनी होडीच्या बाकावरून काढला. बाईंनी तो दोनदा मोडायला लावला, तेव्हा म्हातारबुवा रुसून जेवले नाहीत. तिसऱ्यांदा जमला. आजही माझ्या बाकावरून हात फिरवला तर कुठे अडत नाही. हे मी फुशारकीने सांगतो आहे, आणि सांगणारच.

सुरुवातीची वर्षे माझ्यात फक्त इंजिनीअरिंगच्या वस्तू आल्या. बसगाड्या, धुराडी, पूल. मग बाईंनी एक पद्धत पाडली. शुक्रवार मोकळा. त्या दिवशी विद्यापीठातल्या कुठल्याही विभागाच्या माणसाने यावे, काहीही आणावे. 'याचा उपयोग काय' असे त्याला कुणी विचारायचे नाही. नियम एकच. आपली पाळी येण्याआधी बसून दुसऱ्याचा प्रयोग पाहायचा आणि त्याला एक प्रश्न विचारायचा. प्रश्न नसेल तर पाळी नाही.

मित्रांनो, त्या शुक्रवारांनी मला काय काय दाखवले! डिझाइन शिकवणाऱ्या एका गृहस्थाने चाकांच्या खुर्चीत बसणाऱ्यांसाठी रेनकोट आणला. तो वाऱ्यात फुगून थेट तोंडावर यायचा. तीन पावसाळे ते त्याच्याशी झटत होते. शिक्षण विभागाच्या एक बाई डोळ्यांनी न दिसणारी मुले घेऊन आल्या. चित्राशिवाय वारा कसा शिकवावा, हे त्यांचे संशोधन. एकेक मूल काचेच्या खोलीत हात घालायचे, तळहात आडवा करायचे, उभा करायचे. एक मुलगी ओरडली, "बाई, वाऱ्याला कोपरा आहे!" रेनकोटवाले गृहस्थ आपली पाळी सोडून तिच्याशी बोलत बसले. दुसऱ्या खेपेला त्यांच्या रेनकोटची गळ्याजवळची कड बदललेली होती.

पण सगळ्यांनाच हे रुचत नव्हते. पूलवाले सर सोमवार ते गुरुवार माझ्यात पुलांचे नमुने तपासत. हुशार माणूस. हाताने काम करणारा. शुक्रवारी मात्र फिरकत नसत.

"हा बोगदा आहे की धर्मशाळा?" ते बाईंना म्हणत.

"धर्मशाळाच. फक्त इथं मुक्कामाला प्रश्न विचारावा लागतो."

"मला फालतू गोष्टी बघायला वेळ नाही, बाई."

"म्हणून तर तुमचे पूल एवढे एकटे दिसतात," बाई म्हणत, आणि सर तणतणत निघून जात.

पुढे बाई निवृत्त झाल्या. तरी शुक्रवार त्यांनी सोडला नाही. मुलगी गाडीतून आणून सोडायची आणि दारातच बोलायची, "आई, तुझं वय काय, तुझं चाललंय काय!" बाई काठी टेकत आत यायच्या आणि माझ्या बटणाजवळच्या खुर्चीत बसायच्या.

त्या दिवसांत वनस्पतिशास्त्राची एक मुलगी येऊ लागली. तिला सगळे बीवाली म्हणत. एक तण शेतांतून पसरत चालले होते. त्याच्या बीला रुईच्या उडत्या म्हातारीसारखा कापूस असतो. ही बी किती वाऱ्यात किती लांब जाते, हे तिला शोधायचे होते. ते कळले तर तण कुठे अडवायचे ते कळेल. तिचे ते शेवटचे वर्ष होते आणि ते झाड वर्षातून एकदाच बी धरते. बी उडून पसरू नये म्हणून ती माझ्या मागे कापडी जाळे बांधायची. एका शुक्रवारी जाळ्याचा एक कोपरा सुटला. तिला तो दिसला नाही. कापूस दालनभर तरंगला आणि माझ्याच श्वासाबरोबर पुढून येऊन पोळ्यात अडकला. त्या खणांतून वारा आता सरळ येईना.

सोमवारी पूलवाले सर आले. पूल थरथरला. थरथरू नये तिथे थरथरला. सरांचे डोळे चमकले. त्यांनी पुन्हा वारा सोडला, पुन्हा तेच. मग काही आठवडे सर भारावल्यासारखे वागत होते. ही नव्या जातीची थरथर आहे, आजवर कुणी पाहिली नाही, असे त्यांनी भर परिषदेत सांगितले. थरथरीला नावसुद्धा दिले. मला सगळे माहीत होते, माझा घसा खवखवत होता. पण बोगद्याला बोलता कुठे येते?

एके सकाळी सरांनी स्वतःच बॅटरी घेऊन भोंग्यात डोके घातले. बराच वेळ ते बाहेर येईनात. आले तेव्हा त्यांच्या चिमटीत पांढरा पुंजका होता.

"कापूस!" ते ओरडले. "माझ्या सिद्धांतात कापूस!"

निरोप मिळताच बाई येऊन खुर्चीत बसल्या, आणि बीवाली धावत आली. तिच्या तोंडचे पाणी पळाले होते. "सर, चूक माझी. जाळं सुटलं असणार."

"तुझी नाही. या शुक्रवारची आहे!"

"सर, तुम्ही एकदा येऊन बघितलं असतंत ना, तर पहिल्याच दिवशी ओळखलं असतंत," बाई खुर्चीतून म्हणाल्या. ते खरे होते. म्हणूनच ते त्यांना फार झोंबले.

प्रकरण विद्यापीठाच्या इमारतींचा कारभार पाहणाऱ्या संचालकांकडे गेले. संचालक दालनात आले, रुमालाने नाक धरून माझ्याभोवती फिरले आणि म्हणाले, "तडजोड करू. बोगदा इंजिनीअरिंगचा. शुक्रवार बंद. एवढं मान्य असेल तर हा राहील. नाहीतर पाडू, जागा मोकळी होईल. तसंही आता कॉम्प्युटर सगळं काढून देतो."

मित्रांनो, कॉम्प्युटरशी माझे भांडण नाही. त्याने काढलेले उत्तर खरे की खोटे, हे पडताळायला लोक माझ्याकडेच येतात. पण त्या दिवशी माझा जीव टांगणीला लागला होता. बाईंनी मान डोलावली असती तर मी वाचलो असतो.

बीवाली म्हणाली, "साहेब, बी आत्ता धरलीय. माझं झाड माझ्यासाठी परत फुलायला थांबणार नाही."

"बघा, मी काय करू शकतो?" संचालकांनी हात झटकले.

बाई काठी रोवून उभ्या राहिल्या. "तडजोड नको. शुक्रवार काढून घेतलात तर उरणार काय? पंखा. तो तुमच्या खोलीत पण आहे, छताला. पाडायचा तर अख्खा पाडा."

मी हादरलो. मग माझ्या लाकडालाही पीळ चढला. अर्धा बोगदा होऊन जगण्यापेक्षा फळ्या होऊन गेलेले बरे, असे मलाही वाटू लागले.

पाडायचा दिवस ठरला तो नेमका शुक्रवार. संचालकांना वारांचे कौतुक नव्हते. मुकादम आपली माणसे आणि पहारी घेऊन आला. आत बाई खुर्चीत, बाकांवर डझनभर माणसे, काचेच्या खोलीत बी, आणि माझा पंखा चालू.

"बाई, आम्हाला साहेबांनी पाठवलंय."

"या, बसा."

"बसायला नाही हो, पाडायला."

"पाडायलाही पाळी असते. आधी हा प्रयोग बघायचा, एक प्रश्न विचारायचा. मग तुमचं काय ते करा. मी आडवी येणार नाही."

मुकादमाने आपल्या माणसांकडे पाहिले. माणसांनी पहारी भिंतीला टेकवल्या. सगळे बसले. बीवालीने दिवा लावला. काचेच्या खोलीत ती बी केसाएवढ्या धाग्याला अडकून जागच्या जागी तरंगत होती, ना खाली येत होती, ना पळत होती. दारात पूलवाले सर उभे होते. ते पाडकाम बघायला आले होते, पण त्यांची नजर बीवरून हलत नव्हती.

"प्रश्न?" बाई म्हणाल्या.

मुकादमाने डोके खाजवले. "एवढ्याशा कापसाला वारा फाडत नाही. मग आमच्या कामावर इमारतीला बाहेरून बांधतो ते हिरवं कापड का फाटतं? दर वर्षी फाटतं. वरच्या मजल्यावरून बांबूसकट उडालं तर खाली माणूस मरायचा."

बीवालीने बाईंकडे पाहिले. बाईंनी दाराकडे पाहिले.

"ते माझ्याकडं आहे," पूलवाले सर दारातून म्हणाले. मग जरा घुटमळले. "म्हणजे उत्तर नाही माझ्याकडं. पण कापड फडफडतं तसाच पूल फडफडतो. कापड आहे का आत्ता?"

कापड टेंपोत होते. संचालक दुपारी आले तेव्हा सर गुडघ्यांवर बसून माझ्या काचेच्या खोलीत हिरव्या कापडाची गाठ बांधत होते आणि मुकादम त्यांच्यावर खेकसत होता, "अहो सर, अशी गाठ कुणी मारतं का? सोडा, सोडा!"

"हे काय चाललंय?" संचालक म्हणाले. "हा पाडायचा होता ना?"

सरांनी मान वर केली नाही. "पुढच्या शुक्रवारी या, साहेब. आजच्या पाळ्या भरल्यात. आणि येताना एक प्रश्न घेऊन या."

संचालक पुढच्या शुक्रवारी आले नाहीत. मला पाडायचा हुकूम आजही रद्द झालेला नाही, फक्त तो बजावायला कुणी येत नाही. बीवालीचे काम त्या मोसमात पुरे झाले.

मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तू शेवटी 'आम्हाला जपा' असे म्हणतात. मी म्हणणार नाही. मला पुसून दोरी लावून कोपऱ्यात ठेवाल, तर तेही पाडणेच झाले. मला वापरा. पोळे झाडा, पंख्याला तेल द्या, आणि तुमचे जे काही असेल ते घेऊन या. कुणी विचारले, याचा उपयोग काय, तर त्याला बाकावर बसवा. आणि कुणी म्हणाले, अर्धे राहा म्हणजे वाचाल, तर नाही म्हणा. मी तसेच म्हणून उभा आहे.

बाई त्या पाडकामाच्याच वर्षी थंडीत वारल्या, बुधवारी सकाळी, राहत्या घरी. दोन्ही मुली जवळ होत्या.